त्याच्या गळ्यात हार, माझ्या पोटात पिन

मित्रांनो, तुमचे डोळे मला बघायच्या आधी तुमचा पाय मला बघतो. तुम्ही अडखळता, "कुणी टाकलंय रे हे मध्ये?" म्हणून ओरडता, तेव्हा समजा की आपली भेट झाली. मी एक्स्टेन्शन. एक लाकडी पेटी, पाच भोकं, एक लाल दिवा आणि वीस फूट वायर. वय विचारू नका. अंगावरचं पॉलिश उडालं तेव्हापासून मी मोजणं सोडलंय.

गदगच्या एका कॉलेजात, अकरा नंबरच्या खोलीत माझा मुक्काम असतो. ही खोली प्राध्यापकांना शिकवायची आहे. हो, प्राध्यापकांनाच! शिकवायची नवी नवी यंत्रं येतात, आणि ती कुठून चालू करायची इथपासून सगळं त्यांना या खोलीत समजावून सांगतात. मुलं बाहेरून जाताना खिडकीतून बघतात आणि तोंड दाबून हसतात.

मला बाजारातल्या मेहबूबसाबांनी हातानं बनवलं. सागाची पेटी, आत जाड पितळेच्या पट्ट्या. मला देताना ते म्हणाले, "हे एक्स्टेन्शन तुमच्या कॉलेजपेक्षा जास्त टिकेल." तेव्हाचे प्राचार्य चिडले, पण घेऊन गेले. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. शेवटचंही जवळजवळ तेच.

कारण मित्रांनो, माझं नशीबच तसं. वीज मी द्यायची आणि टाळ्या दुसऱ्यानं घ्यायच्या. पहिल्यांदा आला तो ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्याच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवला की भिंतीवर हत्तीएवढी अक्षरं पडायची. सगळं कॉलेज बघायला लोटलं. मी टेबलाखाली. इतिहासाचे गुरुसिद्धप्पा कुप्पसद सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. त्या काचेला छान ऊब असते हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं, आणि कॅन्टीनमधली मिरची भजी ते त्यावर गरम ठेवायला लागले. काचेवर तेलाचा एक डाग बसला. मग सर भिंतीवर कुठलाही नकाशा दाखवोत, गुजरातच्या खाली समुद्रात एक बेट दिसायचं. वर्षभर मुलांनी ते बेट वहीत काढलं. परीक्षेत तिघांनी त्याला नावही दिलं. मी इतका हसलो की माझा लाल दिवा लुकलुकला.

मग कम्प्युटर आला. त्याला झालर लावलेला झगा शिवला, त्याच्या खोलीत चपला काढून जायचं ठरलं. मी त्याच्याच पायाशी, काढलेल्या चपलांमध्ये. त्यानंतर छताला लटकणारा प्रोजेक्टर आला. तो तर माझ्याकडे बघायचाही नाही, इतक्या उंचावर. मी प्रत्येकावर जळलो, प्रत्येक जण भंगारात गेला आणि मी उरलो. जळण्यानं आयुष्य वाढतं, असं माझं मत आहे.

पण खरा वैरी आला तो स्मार्ट बोर्ड. अकरा नंबरच्या खोलीत भिंतीएवढी काळी काच, तिच्यावरचे मुलांचे तासही तिथेच. बोटानं लिहा, बोटानं पुसा, दोन बोटं फाकवा की चित्र मोठं. अंगडी सरांनी, म्हणजे आमच्या आताच्या प्राचार्यांनी, त्याची फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं. म्हणाले, "आजपासून आपलं कॉलेज जगाशी जोडलं गेलं!" जगाशी नंतर, आधी ते माझ्या तिसऱ्या भोकाशी जोडलं गेलं. ते भोक आधीच जरा सैल. त्याची ती जाडी पिन मी दात आवळून धरून ठेवायचो. तोही बोर्ड, मीही बोर्ड. तो स्मार्ट, आणि मी "ए, ते लाकडी खोकं सरकव रे" असा.

या सगळ्यात एक माणूस माझ्याशी नीट वागायचं. गिरिजा. तिची पंचविशी उलटलेली, अंगावर कॉटनची ओढणी, ओढणीला टाचलेला टेस्टर. प्राध्यापकांना यंत्रं शिकवायचं काम तिचं. पण तिची नोकरी अकरा महिन्यांची. बारावा महिना घरी बसायचं, मग पुन्हा अर्ज करायचा. अशी चार वर्षं. घरी आई, आणि आईच्या तोंडी रोज एकच प्रश्न, "कायम कधी करणार गं तुला?"

गिरिजाची शिकवायची एक रीत होती. ती स्वतः कधीच बटण दाबायची नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि म्हणायची, "मी दाबलं तर मला येईल. तुम्ही दाबा." वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी त्या काचेवर पक्क्या शाईच्या मार्करनं पानाची आकृती काढली, तेव्हाही तिनं हात सोडले नाहीत. फक्त डोळे मिटले. बाईंनीच मग तीन दिवस स्पिरिटनं ते पान पुसलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि मग ते पत्र आलं. दसरा झाल्यावर कॉलेज तपासायला समिती येणार, आणि ती एक तास वर्गात बसून बघणार. कुणाचा तास? सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकाचा. स्मार्ट बोर्डवर.

ज्येष्ठ म्हणजे कुप्पसद सर. निवृत्तीला आठ महिने उरलेले. आणि त्यांनी शपथ घेतली होती की या काळ्या काचेला बोट लावणार नाही. कारण असं की एकदा त्यांनी बोट लावलं, तर बदामीच्या लेण्यांऐवजी बोर्डाला जोडलेल्या फोनमधला त्यांचा स्वतःचाच फोटो समोर आला. पंचा नेसलेले, अंगाला तेल चोपडलेले, भिंतीएवढे सर! मुलं हसून बाकांवरून पडली. तेव्हापासून सर खडू घेऊन दुसऱ्याच वर्गात जायचे आणि अकरा नंबरच्या खोलीकडे पाठ फिरवायचे.

अंगडी सरांनी गिरिजाला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी मलाही तिथे नेलं होतं, त्यांचा फोन चार्ज करायला.

"हे बघ गिरिजा," ते म्हणाले, "महिनाअखेरीला तुझा करार संपतो. कुप्पसदांचा तास चांगला झाला, तर तुला कायम करायचा कागद मी वर पाठवतो. नाही झाला, तर शिकवणारीचा उपयोग काय, असं मला विचारतील. मी काय सांगू?"

"सरांना यायला हवं ना, सर. ते खोलीतच येत नाहीत."

"ते तुझं तू बघ."

ती गेली, पण कुप्पसद सरांना बोर्डाबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुपारी तीनला कॅन्टीनमधून गरम मिरची भजी घेतली, अकरा नंबरच्या खोलीत ठेवली आणि दार उघडं टाकलं. वास व्हरांड्यात गेला. पाच मिनिटांत सर दारात.

"गिरिजव्वा, हा सापळा आहे ना?"

"हो सर. आत या."

तेरा दिवस ते येत होते. पहिल्या दिवशी सर काचेपासून पाच हात लांब उभे.

"हे पेटलं तर?"

"पेटलं तर विझवू. आधी चालू तर करा."

"आणि माझा पंचाचा फोटो आला तर?"

"तो मी काढून टाकला, सर. सगळ्या कॉलेजात शोधून."

"सगळ्या? म्हणजे होता किती जणांकडे?"

गिरिजानं भजी पुढे सरकवली. सरांनी एक भजं खाल्लं, हात पॅन्टला पुसला आणि एक बोट पुढे केलं. गिरिजाचे हात पाठीमागे.

मित्रांनो, तो माणूस शिकला. चुकत, घाम पुसत, "अब्बब्बा!" म्हणत शिकला. बाराव्या दिवशी त्यांनी लक्कुंडीच्या विहिरीचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, तेव्हा स्वतःच टाळ्या वाजवल्या. आणि काचेला म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" काचेला! वीज मी देत होतो, भजी गिरिजानं आणली होती, आणि पठ्ठ्या कोण, तर ती काच! त्या दिवशी माझ्या पेटीला जळका वास येत होता. गिरिजाला वाटलं लोड जास्त झालाय.

मग आली आयुधपूजा. आमच्याकडे नवमीला हत्यारं, अवजारं, गाड्या, सगळ्याची पूजा होते. फकीरप्पा हा आमचा जुना शिपाई, पूजा त्याच्याकडे. त्यानं स्मार्ट बोर्डाच्या चौकटीला विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि वर झेंडूचा हार घातला. प्राचार्यांच्या गाडीची पूजा केली, तासाच्या घंटेची, झेरॉक्स मशीनची, अगदी ऑफिसातल्या स्टेपलरचीसुद्धा! मी वाट बघत होतो. फकीरप्पा कुंकवाची वाटी घेऊन माझ्यापाशी वाकला.

"अक्का, ह्याला लावू का?"

"नको अण्णा," गिरिजा म्हणाली. "भोकात ओलं कुंकू गेलं तर शॉक बसेल."

"बरोबर आहे," फकीरप्पा म्हणाला आणि माझ्यावरून ओलांडून गेला. पूजेच्या दिव्यांची माळ मात्र माझ्याच पोटातून पेटली होती. स्टेपलरला कुंकू! जो वर्षातून सहा महिने अडकलेला असतो, त्याला!

त्या दिवशी मी ठरवलं. या काळ्या काचेची फजिती झाल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

आणि फजिती चालत आली. समितीच्या दिवशी सकाळी अंगडी सर फकीरप्पाला म्हणाले, "तो सुकलेला हार काय ठेवलाय? समिती येतेय. जाडजूड, ठसठशीत हार आण!" फकीरप्पानं नवरदेवाच्या गाडीला घालतात तसला हार आणला. वरच्या दोन खिळ्यांना बांधला, आणि मधला भाग चांगला वीतभर काचेवर लोंबायला लागला. गिरिजा तेव्हा खाली फाटकापाशी, समितीला वर आणायला थांबली होती.

आता या काचेची गोष्ट अशी. तिच्या चौकटीतून न दिसणाऱ्या उजेडाचे दोरे आडवे-उभे गेलेले असतात. बोट मध्ये आलं की दोरा तुटतो, आणि काचेला कळतं, इथे दाबलं. पण बोट आहे की झेंडू, हे तिला कळत नाही. इतकी काही स्मार्ट नाही ती! म्हणजे त्या हारातल्या एकेका फुलाचं एकेक बोट. शिवाय समितीला उकडू नये म्हणून समोर उभा पंखा लावलेला, तो माझ्या पहिल्या भोकात. हार झुलायला लागला. मला सगळं कळलं होतं. तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं.

समितीच्या अध्यक्षा म्हैसूरकडच्या डॉ. विशालाक्षम्मा. जाड चष्मा, काठाची साडी, हातात वही. त्या मागच्या बाकावर बसल्या, शेजारी समितीचे आणखी दोघं, त्यांच्यामागे घाम पुसत अंगडी सर. गिरिजा बोर्डाशेजारच्या दाराशी उभी, हात पाठीमागे. कुप्पसद सर नवा कोट घालून आले, नमस्कार केला आणि ऐटीत बोर्ड चालू केला.

पहिलं चित्र आलं बदामीच्या राजाचं. क्षणभर ठीक. मग राजा मोठा झाला. आणखी मोठा. नुसतं नाक उरलं. मग तो उलटा झाला. मग लाल शाई उमटली आणि राजाच्या तोंडावर आपोआप रेघोट्या ओढायला लागली. सरांनी पुसायला बोट लावलं, तर हिशेबाचं यंत्र उघडलं आणि त्यात सातावर सात, सातावर सात असा आकडा वाढत वाढत काचेच्या कडेला गेला. मग सगळी अक्षरं चिनी झाली.

मुलं हसत सुटली. सरांनी चोर पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. "मी काही केलं नाही! हे बघा, माझे हात इथे आहेत!"

आणि काचेवर तरीही कुणीतरी लिहीतच होतं.

मी खूश. इतका खूश, मित्रांनो, की काय सांगू! भर समितीसमोर त्या हारवाल्याची शोभा! अजून नाच, म्हटलं, अजून नाच!

तेवढ्यात अंगडी सर वाकून वाकून दाराशी आले. माझ्या अगदी जवळ. गिरिजाच्या कानाशी म्हणाले, "तेरा दिवस हेच शिकवलंस का? उद्या ऑफिसात ये. खोलीच्या किल्ल्या घेऊन."

गिरिजाचे पाठीमागचे हात सुटले. मी खाली असतो, मला माणसांचे हात आधी दिसतात. एक हात दुसऱ्याला घट्ट धरून उभा होता, आणि तो सुटला. तिकडे सर काचेसमोर उभे, डोळे भरलेले, आणि मुलांच्या हशात त्यांना पुन्हा तो पंचाचा दिवस आठवत असणार.

माझी फजितीची हौस त्या दोघांच्या जिवावर भागत होती.

माझ्यासारख्याला जगात एकच गोष्ट करता येते. धरून ठेवायचं, नाहीतर सोडायचं. तिसऱ्या भोकातली ती जाडी पिन मी इतके दिवस दात आवळून धरली होती. मी सोडली. काच काळी झाली. त्याचा नाच संपला, त्याची शोभा झाकली गेली. आणि मी झाकली, हे लक्षात घ्या. वैऱ्यावर पांघरूण घालायचं दुःख काय असतं ते मला विचारा.

दोष अर्थातच माझ्यावर आला. "ते लाकडी खोकं!" अंगडी सर ओरडले. "सगळा घोटाळा त्याचाच! कधीचं सांगतोय, फेका!"

गिरिजा धावली, गुडघ्यांवर बसली, पिन निसटलेली बघितली. ती बसवायला लागली आणि मध्येच थांबली. इतके दिवस ती त्या काचेसमोर उभी राहिली होती. आज पहिल्यांदा तिनं खालून, माझ्या जागेवरून वर बघितलं. चौकटीच्या आत लोंबणारे झेंडू तिला दिसले, पंख्यावर झुलताना. ती उठली आणि एका झटक्यात हार ओढून काढला.

"अगं अगं! देवाचा हार!" फकीरप्पा दारातून ओरडला.

"देव समजून घेईल अण्णा. ही काच नाही घेत."

तिनं पिन पुन्हा बसवली. पण हात काढला की पिन सैल, हात काढला की सैल. एकदा सुटलेले दात म्हाताऱ्याला पुन्हा आवळता येत नाहीत. शेवटी ती बोर्डाशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी पिन माझ्या पोटात दाबून धरली.

काच उजळली. चिनी अक्षरं तशीच.

"गिरिजव्वा," कुप्पसद सर हळूच म्हणाले, "आता कुठे दाबू?"

"माझे हात अडकलेत, सर. तुम्हीच दाबा."

सरांनी घसा साफ केला. खाली, डावीकडे, मग चाकासारखं चिन्ह. तेरा दिवस बघितलेलं. कन्नड अक्षरं परत आली आणि एका मुलानं नकळत टाळी वाजवली. मग सर जे सुटले! राजा सरळ केला, त्याच्या मिशीवरची शाई पुसली, मुलांना बोर्डाशी बोलावलं. लक्कुंडीची विहीर मोठी केली तर मागच्या बाकावरची मुलगी उभी राहून ओरडली, "सर, ही आमच्या घरामागची बावी! इथे आम्ही लपाछपी खेळतो!"

"मग ये इकडे," सर म्हणाले, "आणि पायऱ्या किती ते बोट लावून मोजून दाखव. पुस्तकात चुकीचं आहे की काय ते आज बघू."

पाऊण तास झाला. गिरिजाच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तिच्या तळव्याची ऊब माझ्या लाकडाला लागत होती, आणि स्मार्ट बोर्डाला ती लागत नव्हती. हे मी नोंदवून ठेवलं.

तास संपल्यावर विशालाक्षम्मांनी चष्मा वर केला. "तिथे खाली कोण बसलंय?"

"कुणी नाही मॅडम," अंगडी सर घाईनं म्हणाले. "हेल्पर आहे. वायरीचं बघते."

"हेल्पर नाही," कुप्पसद सर म्हणाले. आवाज जरा चढला होता. "मी तिचा विद्यार्थी आहे, मॅडम. बत्तीस वर्षं शिकवतोय, आणि या काचेसमोर दोन वर्षं नापास होतो. आज पास झालो असेन, तर मार्क तिला द्या."

विशालाक्षम्मांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "चहाला तुम्ही सगळे पुढे व्हा. मला या मुलीशी बोलायचंय."

सगळे गेले. बाईंनी दार लोटलं आणि गिरिजाशेजारी चक्क जमिनीवर बसल्या.

"खरं सांगू? आमच्या कॉलेजात असलाच बोर्ड आहे. दोन वर्षं झाली, त्याच्यावर चादर घातलीय. आम्ही त्यावर उदबत्ती लावतो. मला तो चालू करता येत नाही, आणि विचारायची लाज वाटते. शिकवशील?"

गिरिजानं पिन सोडली. बोर्ड बंद झाला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "शिकवते, अम्मा. आता मी तो बंद केलाय. चालू तुम्ही करायचा."

मित्रांनो, अकरा महिन्यांच्या कराराची गोष्टही त्या अर्ध्या तासात निघाली. अहवालात काय होतं मला माहीत नाही, मला कुणी वाचून दाखवत नाही. पण अंगडी सरांनी किल्ल्या मागितल्या नाहीत. मला फेकायचं तेवढं ते विसरले नाहीत. एक पांढरंशुभ्र, प्लास्टिकचं नवं एक्स्टेन्शन आणलं, निळा दिवा असलेलं. मी लगेच त्याच्यावर जळायला लागलो. पण स्मार्ट बोर्डाची जाडी पिन त्याच्या नाजूक भोकात जाईना. मग गिरिजानं मेहबूबसाबांच्या मुलाकडून माझ्या तिसऱ्या भोकाची पितळ बदलून आणली, आणि ते पांढरं साहेबांच्या केबिनमध्ये फोन चार्ज करायला गेलं. जाऊ दे. त्याची लायकी तेवढीच.

संक्रांतीच्या जरा आधी, एका दुपारी, गिरिजा हातात एक कागद घेऊन खोलीत आली. दार लावलं. कागद तीनदा वाचला. फोन काढला, तर फोन मेलेला. मग ती माझ्याजवळ खाली बसली, चार्जर माझ्या दुसऱ्या भोकात लावला आणि फोनच्या काचेत टक्के वाढायची वाट बघत राहिली. एक झाला, दोन झाले. तीन होईपर्यंतही तिला धीर निघाला नाही.

"अव्वा," ती आईला म्हणाली, "कायम झाले गं."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि ही इकडे हसायला लागली. ते सगळं बोलणं माझ्या विजेवर झालं. स्मार्ट बोर्ड त्या वेळी बंद होता, हे मी मुद्दाम सांगतो.

बोलून झाल्यावर तिनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं चार्जरचं डोकं पकडून तो अलगद काढला. मित्रांनो, असं काढतात. नीट बघून ठेवा. वायरीला धरून हिसका देऊ नका, त्यानं आतली पितळ ढिली होते आणि मग आम्हाला आयुष्यभर दात आवळून जगावं लागतं. आम्हाला ओल्या फरशीवर टाकू नका, वायरीला गाठी मारू नका. आणि एखादं यंत्र झकास चाललं की टाळ्या वाजवायच्या आधी जरा खाली वाकून बघा, तिथे कुणी बसलंय का.

स्मार्ट बोर्डाची काळजी कशी घ्यायची, ते मला विचारू नका. त्याचं तो सांगेल. फक्त त्याला विचारायला जाल, तेव्हा आधी माझं बटण दाबा.